शांततेचा नमुना

जी वस्तु टिकविण्यासाठीं आपण हातीं घेतों, ती सुधारण्याचा अधिकारहि त्याबरोबरच आपणांस प्राप्त होतो काय? प्रश्न साधा दिसतो, आणि बहुतेक सुशिक्षित माणसें विचार न करितां त्याचें उत्तर होकारार्थी देतील. जुन्या घराची डागडुजी करणारा भिंतींना रंग देतोच. आजीच्या तोंडची कहाणी उतरून घेणारा नातू तिची भाषा थोडीशी नीट करतोच. मीहि पुष्कळ वर्षें याच मताचा होतों. तें मत मला कां सोडावें लागलें याची हकीकत एका तारप्याची आणि घरीं तयार केलेल्या एका सीडीची आहे. ती येथें सांगावयाची ती एवढ्यासाठीं कीं, तींत घडलेली चूक सर्वस्वी माझी होती, आणि ती करीत असतांना आपण एक सत्कृत्य करीत आहों याविषयीं मला तिळमात्र शंका नव्हती.

गोष्ट 2003 सालची. मी तेव्हां डहाणूस राहत होतों. हा सारा मुलूख त्या वेळीं ठाणें जिल्ह्यांत मोडे; पालघर जिल्हा निराळा झाला तो 2014 सालीं. भाताची कापणी आटोपत आली असतांना माझ्या वर्गांतील एक वारली विद्यार्थी मला तलासरी तालुक्यांतील आपल्या पाड्यावर घेऊन गेला. त्याचा आजा तारपा वाजवी. वाळविलेला दुधी भोपळा, त्याला मेणानें बसविलेल्या बांबूच्या नळ्या आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा, एवढाच काय तो या वाद्याचा संसार. परंतु वाजविणारा गालांत वारा सांठवून ठेवतो आणि वाजवितां वाजवितांच श्वास घेतो, म्हणून त्याचा सूर घटकान् घटका तुटत नाहीं. म्हातारा मधोमध उभा राहिला आणि त्याच्याभोंवतीं एकमेकांच्या कमरेला विळखा घालून बायकापुरुषांची रांग फिरूं लागली. मीं बॅटरीवर चालणारा टेपरेकॉर्डर अंगणाच्या कडेला ठेविला आणि साठ मिनिटांची एक कॅसेट दोन्ही बाजूंनीं भरून घेतली.

त्याच वर्षीं मीं घरीं संगणक घेतला होता आणि त्यांत सीडी लिहिण्याची सोय होती. कॅसेटची फीत आज ना उद्यां झिजणार. तेव्हां तो तारपा सीडीवर उतरवून म्हाताऱ्यास एक प्रत द्यावी आणि एक आपल्या संग्रहीं ठेवावी, असें मीं ठरविलें. काम वाटलें तितकें सोपें नव्हतें. पहिल्या सीडींत मूळ सुराखालीं एक संथ घूं घूं ऐकूं येई. ती विजेची होती: आपल्या घरांतील वीज सेकंदास 50 आवर्तनें करते आणि टेपरेकॉर्डर व संगणक निरनिराळ्या खटक्यांवर जोडलेले असले कीं, तिचा गुंजारव तारेवाटे आवाजांत शिरतो. दोन्ही यंत्रें एकाच बोर्डावर आणतांच ती गेली. दुसरा दोष असा कीं, जोराच्या जागीं आवाज फाटे. सीडीवरील संगीत म्हणजे सेकंदास 44,100 वेळां घेतलेली आवाजाची मोजदाद. या मोजदादींत 32,767 च्या वर आंकडा नाहीं. आवाज त्यापलीकडे चढला कीं, त्याचा माथा सपाट कापला जातो. भरण्याची पातळी खालीं आणून सारी कॅसेट पुन्हां भरली. तिसरा दोष बैठकीच्या प्लेअरवर होणारी तडतड. स्वस्त सीडी अतिवेगानें लिहिल्याचा तो परिणाम होता. चांगली सीडी आणून चौपट वेगावर लिहिली, तेव्हां ती थांबली. चौथा दोष मोठा चमत्कारिक होता. दर दोन तुकड्यांमध्यें संगणक आपण होऊन दोन सेकंदांची नि:शब्द जागा सोडी, आणि जो सूर म्हाताऱ्यानें छातीच्या बळावर अखंड राखला होता तो तेथें तुटे. सारी सीडी एका दमांत लिहावयास सांगितल्यावर तोहि दोष गेला.

या चारहि दोषांविरुद्ध मीं जें केलें तें योग्यच होतें, असें मला आजहि वाटतें. ते दोष वाटेंतील होते; पाड्यावरील अंगणांत त्यांपैकीं एकहि नव्हता. परंतु चार शत्रु जिंकलेल्या माणसाला पांचवा शोधण्याची खोड लागते. फितीची बारीक खरखर अजून शिल्लक होती. ध्वनि-संपादनाच्या प्रोग्रॅमांत ती काढण्याची युक्ति असते. प्रोग्रॅम आपणांस अगोदर सांगतो कीं, ज्यांत संगीत नाहीं, नुसती खरखर आहे, असा एक लहानसा तुकडा दाखव. त्या तुकड्यांत कोणकोणते स्वर किती बळाचे आहेत याचा तो हिशेब मांडतो आणि मग साऱ्या ध्वनिमुद्रणांतून तेवढा हिशेब वजा करतो. म्हणजे यंत्र आपणांजवळ शांततेचा नमुना मागतें.

माझ्या कॅसेटमध्यें तशी शांतता कोठेंच नव्हती. एक चाल संपवून दुसरी धरण्यापूर्वीं म्हातारा तारपा हलका करी. त्या अवधींत वाद्याची दबकी घरघर, मातीवर घासणारीं पाउलें, नाचणाऱ्यांची कुजबुज आणि रात्रीचे किडे, एवढेंच काय तें असे. ‘यांत संगीत नाहीं’ असें म्हणून त्यांतील दोन सेकंद मीं यंत्राला दाखविले. यंत्रानें आज्ञा पाळली. खरखर गेली, आणि तिच्याबरोबर पाउलें गेलीं, कुजबुज गेली, वाद्याच्या पोटांतली घरघर गेली. उरला तो एक स्वच्छ, सडा सूर. मला तो फार आवडला. मित्रांना ऐकविला, त्यांनीं वाहवा केली. त्या भरांत मीं मूळ कॅसेटवर एक व्याख्यान भरून घेतलें, आणि चार दोष काढतांना तयार झालेल्या मधल्या प्रतीहि संगणकांतून पुसून टाकल्या. स्वच्छ प्रत हातीं असतांना मळकी ठेवावयाची कशाला?

पुढील सुटींत प्लेअर घेऊन मी पाड्यावर गेलों. म्हाताऱ्यानें सीडी शेवटपर्यंत ऐकली. नंतर तो आपल्या बोलींत नातवाशीं कांहीं बोलला. नातू संकोचला. फार आग्रह केला तेव्हां त्यानें सांगितलें, “सर, आजा म्हणतो, तारपा माझाच आहे. पण नाचणारीं माणसें कुठं गेलीं?”

तो प्रश्न मला तेव्हां भोळेपणाचा वाटला. त्यांतील न्याय कळावयास मला बराच काळ लागला.

यावर असा आक्षेप घेतां येईल कीं, मग साफसफाई करूंच नये काय? बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या ऐकतांना सुईची करकर कोणाला हवी असते? ती काढून टाकणारा आपल्यावर उपकारच करतो. आक्षेप खरा आहे. सुईची करकर बालगंधर्वांच्या गळ्यांत नव्हती, ती तबकडीची होती. तशीच फितीची खरखर फितीची होती. जें वाटेनें चिकटलें तें झटकावें आणि जें मुळांत होतें त्याला हात लावूं नये, हा नियम बोलावयास सोपा आहे. अडचण एवढीच कीं, यंत्राला हा भेद समजत नाहीं. त्याला बळाची भाषा कळते: जें मोठें तें संगीत, जें बारीक आणि अखंड तें खरखर. भेद करावयाचा तो माणसानें, आणि माणूस तो करतो आपल्या पूर्वग्रहानें. मैफलीच्या संस्कारांत वाढलेल्या मला एक गाणारा वा वाजविणारा आणि बाकीचे गप्प बसलेले श्रोते, हेंच संगीताचें चित्र ठाऊक होतें. म्हणून पाउलें मला आवाजांत मोडलीं नाहींत. डहाणू तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनीं वारली चित्रकला जगासमोर नेली. 2011 सालीं त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2018 सालीं ते निवर्तले. तारप्याच्या नाचाचें वारली चित्र आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. त्यांत तारपा वाजविणारा आणि त्याच्याभोंवतीं वळत जाणारी माणसांची सांखळी अशीं बसविलेलीं असतात कीं, सांखळी पुसली तर चित्रच उरत नाहीं. तें चित्र माझ्या बैठकीच्या भिंतीवर होतें. त्याच्याखालीं बसून मीं ती सांखळी पुसली.

आणि हा दोष केवळ कानाचा नव्हे. ज्यांचा आवाज आपल्या कानीं पडत नाहीं, त्यांच्याकडे शांतता आहे, असें समजण्याची आम्हां सुशिक्षितांना जुनी संवय आहे. ज्या प्रदेशाची ही हकीकत आहे, तेथें वारल्यांवर वेठबिगार पिढ्यान् पिढ्या लादली गेली होती. 1945 सालीं त्यांनीं ती नाकारली, तेव्हां बाहेरच्या जगाला तेथें माणसें बोलतात याचा शोध लागला. त्या लढ्यांत त्यांच्याबरोबर असलेल्या गोदावरी परुळेकर यांनीं ती कथा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकांत सांगितली आहे. वेठबिगारीशीं मी माझ्या सीडीची तुलना करीत नाहीं. तसें करणें हास्यास्पद होईल. परंतु दोन सेकंदांच्या त्या तुकड्याला शांतता म्हणतांना मीं तोच जुना कान वापरला होता, हें नाकारतां येत नाहीं.

मग संग्राहकानें वागावें कसें? आमच्याच परंपरेंत याचें उत्तर आहे. शके 1506 मध्यें एकनाथांनीं ज्ञानेश्वरीचे अशुद्ध झालेले पाठ शुद्ध केले. तें कार्य थोरच होतें, आणि तींत कोणीं आपली ओंवी घालूं नये असें त्यांनीं बजाविलें होतें. तरीसुद्धां तीन शतकांनंतर राजवाड्यांना एकनाथपूर्व पोथीचा ध्यास लागलाच, आणि अशी एक पोथी मिळाली असें मानून त्यांनीं ती 1909 सालीं छापली. उत्तम शुद्धीकरणानंतरहि मुळाची भूक राहते ती अशी. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति 1919 सालीं आरंभून 1966 सालीं पुरी केली, तेव्हां संपादकांनीं हजारों श्लोक मूळ संहितेंतून बाहेर काढले. पण ते फेंकून दिले नाहींत. नाकारलेला प्रत्येक पाठ पानाच्या तळाशीं किंवा परिशिष्टांत छापला. उद्यां कोणाला संपादकाचा निर्णय चुकीचा वाटला तर त्याला पुराव्याकडे परत जातां यावें, हा त्यांतील हेतु. त्यांनीं निवड केली, परंतु परतीची वाट मोडली नाहीं. मीं निवड केली आणि वाट मोडली. माझा अपराध खरखर काढण्यांत नव्हता. कॅसेट पुसण्यांत होता, आणि काय काढलें तें कोठेंहि लिहून न ठेवण्यांत होता.

सीडीच्या रचनेंतच या प्रकरणीं एक धडा आहे. तींत आंकडे लागोपाठ न लिहितां विखरून लिहिलेले असतात आणि त्यांबरोबर पडताळ्याचे जादा आंकडे असतात. रीड व सॉलोमन या दोन गणितज्ञांनीं 1960 सालीं मांडलेल्या पद्धतीवर ही योजना उभारलेली आहे. सुमारें अडीच मिलिमीटर लांबीचा ओरखडा पडला तरी प्लेअर त्या आंकड्यांवरून हरवलेला आवाज जसाच्या तसा परत मिळवितो. ओरखडा त्याहून मोठा असला तर तो मागच्या व पुढच्या आंकड्यांवरून मधल्याचा अंदाज बांधतो आणि तो अंदाज खऱ्यासारखा वाजवितो. तेंहि न साधलें तर क्षणभर गप्प बसतो. ऐकणाऱ्याला पहिल्या दोहोंतील फरक कळत नाहीं: परत मिळविलेलें सत्य आणि कल्पिलेलें सत्य एकाच गोडीनें वाजतें. पण त्याच सीडीवर गाण्याऐवजीं हिशेब किंवा मजकूर सांठविला, तर तीच यंत्रणा अंदाज बांधीत नाहीं. वाचतां येत नाहीं असें सांगून थांबते. हिशेबाच्या बाबतींत आपण थाप खपवून घेत नाहीं, गाण्याच्या बाबतींत घेतों. कारण तेथें आपणांस गोडी हवी असते. इतिहास, चरित्रें, लोकगीतांचे संग्रह, आपल्याच वडिलांच्या आठवणी, या साऱ्यांना आपण गाण्यासारखें वागवितों कीं हिशेबासारखें, हें ज्यानें त्यानें पहावें.

म्हातारा 2006 सालीं वारला. माझा विद्यार्थी आज शिक्षक आहे. गेल्या वर्षीं तो घरीं आला आणि म्हणाला, “सर, आजाची ती सीडी खराब झाली. तुमच्याकडची देतां का? मुलीला ऐकवायची आहे.” घरीं लिहिलेल्या सीडींत आवाज एका रंगद्रव्याच्या थरावर उमटलेला असतो, आणि उन्हानें, उष्णतेनें, दमट हवेनें तो थर उतरतो. माझी प्रत कपाटांत होती, म्हणून वांचली होती. मीं तीवरून नवी प्रत केली. कांहींएक सुधारलें नाहीं. तिच्याबरोबर एक कागद दिला. त्यावर लिहिलें कीं, मूळ ध्वनिमुद्रणांत नाचणाऱ्यांचीं पाउलें, त्यांचें बोलणें आणि तारप्याची बारीक घरघर होती. तीं मीं 2003 सालीं खरखर समजून काढून टाकलीं. मूळ फीत मीं पुसली आहे. तेव्हां येथें जें ऐकूं येतें तें त्या रात्रीचें संपूर्ण ध्वनिमुद्रण नव्हे.

त्यानें कागद उभ्यानेंच वाचला. मला वाटलें, तो रागावेल, किंवा निदान विचारील कीं, हें तेव्हांच कां नाहीं सांगितलें. तो म्हणाला, “आजानं घरांत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. सीडी लावली कीं आम्ही पोरं भोंवतीं नाचायचों. म्हणायचा, आतां पुरी झाली.”

कागद त्यानें घडी करून सीडीच्या डबींत ठेवला.