कामाजवळची जागा

गेल्या वर्षी दिवाळीतल्या पाडव्याच्या सकाळी माझी धाकटी स्वयंपाकघराच्या दारात विरी घेऊन उभी होती. पोफळीचं पान गळून पडलं की त्याच्या बुंध्याशी चामड्यासारखं रुंद आवरण असतं, ती विरी. तिच्यावर एका मुलाने बसायचं, दुसऱ्याने पुढचा देठ धरून ओढायचं, की वाडीतून गाडी सुटते. तिला मी ओढायला हवी होते. माझ्या एका हातात चहाचा ट्रे होता आणि कानाशी फोन. पडवीतल्या खोलीत चार माणसं न्याहारीची वाट बघत होती आणि मागच्या खोलीतल्यांना गरम पाणी हवं होतं. मी म्हटलं, "थांब गं जरा." बऱ्याच वेळाने भांडी घासायला बसले तेव्हा ती शेजारी येऊन शांतपणे म्हणाली, "आई, तू आज अकरा वेळा थांब म्हणालीस." साडेचार वर्षांची होती तेव्हा. नुकतीच मोजायला शिकली होती आणि दिसेल ते मोजायची. तिने तक्रार केली नव्हती, मोजलेलं सांगितलं होतं. तो आकडा वर्षभर माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

आम्ही रेवदंड्याचे, तटबंदीच्या आतले. पोर्तुगिजांनी १५२१मध्ये निजामशहाच्या परवानगीने इथे किल्ला बांधायला घेतला, १७४०मध्ये तो मराठ्यांकडे आला, आणि आज त्याच तटाच्या आत आमची घरं, नारळी-पोफळीच्या वाड्या, देवळं, बाजार, सगळं आहे. या गावाला पाहुणा नवा नाही. १४६९मध्ये रशियाहून निघालेला अफानासी निकितिन शेजारच्या चौल बंदरात उतरला होता. त्याचं स्मारक आमच्या गावात आहे. इस्रायलहून येणारी बेने इस्रायली कुटुंबं इथलं सिनेगॉग बघायला येतात, आजोबांचं घर शोधतात. पण घरातल्याच पडवीत पैसे देऊन राहणारा पाहुणा ही अलीकडची गोष्ट आहे, आणि आमच्या घरात ती २०२०पासूनची.

त्या वर्षी मार्चमध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोट सुरू झाली. मुंबईची माणसं आपली गाडी बोटीत घालून तासाभरात या बाजूला उतरू लागली. आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. एका दुपारी आमच्या वाडीतल्या निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या. नवी पोफळ लावली तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. तोवर खायचं काय, हा प्रश्न या पट्ट्यातल्या कितीतरी घरांपुढे होता. आम्ही पडवी बंदिस्त केली, न्हाणीघर बांधलं, पाटी लावली. पाहुण्यांच्या पैशांनी घर तरलं, हे मी कृतज्ञतेने सांगते. धाकटीचा जन्म त्याच पावसातला. वादळानंतर लावलेली पोफळीची रोपं आणि ती एका वयाची आहेत. दर दिवाळीत ती त्यांच्याशी उंची लावून बघते आणि दर वेळी पोफळच जिंकते.

पाहुण्यांचा हंगाम आणि मुलांची सुट्टी एकाच दिवशी सुरू होते, ही यातली अडचण. शाळा सुटल्याशिवाय मुंबई-पुण्याची कुटुंबं निघत नाहीत, आणि ती निघाली की आमच्या मुलांच्या आईबापांना सुट्टी उरत नाही. दिवाळी, मग नाताळ, ३१ डिसेंबर, मग मे महिना. ज्या दिवसांत आमची मुलं दिवसभर घरी असतात नेमक्या त्याच दिवसांत आमच्या घरात त्यांना जागा नसते. पडवी पाहुण्यांची. झोपाळा पाहुण्यांचा. दुपारी आवाज करायचा नाही, कारण कुणीतरी झोपलेलं असतं. एका पाहुण्यांनी थोरल्याला खेळणं जरा लांब न्यायला सांगितलं. माणूस वाईट नव्हता. तो पैसे मोजून चार दिवसांची शांतता घ्यायला आला होता आणि ती त्याला मिळायलाच हवी होती. पण माझा मुलगा स्वतःच्या अंगणातून निमूट चेंडू उचलून निघाला, ते मी खिडकीतून पाहिलं.

बराच काळ मला वाटत होतं की प्रश्न वेळेचा आहे. आईला वेळ नाही, म्हणून मूल हिरमुसतं. मग त्याच दिवाळीत, भाऊबीजेनंतर, एक कुटुंब आलं. आईबाप दोघंही नोकरी करणारे, मुलासाठी मुद्दाम रजा काढून आलेले, आणि सहा-सात वर्षांचा एकुलता मुलगा. त्या दोघांकडे वेळच वेळ होता. तरी तो मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी दहालाच कंटाळला. आई विचारत होती, समुद्रावर जायचं का, किल्ला बघायचा का, मोबाइल हवा का. तो प्रत्येकाला नाही म्हणत होता. त्या बाईंच्या चेहऱ्यावरचा थकवा मी ओळखला. तो माझाच होता, फक्त उलट्या बाजूने आलेला.

सासूबाई मागच्या अंगणात खराट्यासाठी हीर काढत बसल्या होत्या. नारळाची झावळी पुढ्यात आडवी. एकेक पातं उपटायचं, छोटी सुरी मधल्या शिरेलगत टेकवून सर्रकन खाली ओढायची, पात्याचा हिरवा भाग दोन्हीकडे गळून पडतो आणि हातात एक लांब, लवचीक हीर उरतो. पुन्हा दुसरं पातं. तो मुलगा आधी लांब उभा राहिला. मग उकिडवा बसला. त्याला कुणी बस म्हटलं नाही, काही शिकवलं नाही. थोड्या वेळाने सासूबाईंनी मान वर न करता हिरांचा ढीग त्याच्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "लांब इकडे ठेव, आखूड तिकडे." पुढचा तासभर तो मुलगा तिथून हलला नाही. माझी धाकटी त्याच्या समोर बसून त्याच्या चुका काढत होती. शेवटी सासूबाईंनी जुडी जमिनीवर ठोकून बुडखे सारखे केले, सुंभाने आवळून बांधली आणि खराटा त्याच्या हातात दिला. त्याने अख्खं अंगण झाडलं. जाताना खराटा गाडीतून नेला.

त्या दिवशी मला कळलं ते असं. मुलाला मोठ्या माणसाचा मोकळा वेळ लागतो, पण त्याहून जास्त त्याला हातात काम असलेलं आणि डोक्यात घाई नसलेलं माणूस लागतं. सगळं लक्ष आपल्यावर रोखून बसलेल्या माणसासमोर मूल अवघडतं. त्याला सतत काहीतरी व्हावं लागतं. कामात असलेल्या माणसाशेजारी त्याला नुसतं असता येतं. आणि काम असं असावं की त्याचा एखादा तुकडा मुलाच्या मापाचा निघेल.

वाडीच्या कामात असे तुकडे भरपूर. शिंपण चालू असताना आळ्यात पाणी वळवायला मातीचा बांध पायाने फोडणं, हे चार वर्षांच्या मुलाचं काम आहे आणि ते त्याला कुणी वाटून द्यावं लागत नाही. पडलेल्या सुपाऱ्या वेचणं, नारळाची सोडणं वाळत घालणं. फराळातही तसंच. करंज्या करताना लाटायचं मोठ्यांनी, सारण भरायचं बेताने, पण कातणं फिरवायला मूल हवं. त्या नागमोडी चाकाखालून पारीची कड सुटते तेव्हा मुलाच्या चेहऱ्यावर जे येतं ते कुठल्याही विकतच्या खेळण्याने आलेलं मी पाहिलेलं नाही. त्याने स्वतः केलेली करंजी तेलात फुटणार हे ठरलेलं. म्हणून ती शेवटच्या घाण्यात टाकायची, एवढी अक्कल प्रत्येक घरातल्या बाईला असते. पाहुण्यांच्या कामात मात्र असा तुकडाच निघत नाही. चादरी बदलणं, हिशेब, साडेआठला न्याहारी म्हणजे साडेआठला, फोनवरच्या बुकिंगांना तत्काळ उत्तर. त्या कामात मूल फक्त अडथळा असू शकतं. माझी अकरा 'थांब' तिथून आली होती.

हे काही मी नव्याने सांगत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. माँटेसरीची महागडी साधनं त्यांनी बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हाताशी घेतले. अंगणवाडी हा शब्द देशभर गेला तो तिथूनच. पण मला त्यांची कुरणशाळा जास्त जवळची वाटते. आदिवासी मुलं गुरं राखायला जात, म्हणून शाळेत येत नसत. या बायकांनी शाळा उचलून कुरणात नेली. मुलाला कामापासून तोडल्याशिवाय शिकवता येणार नाही, हे त्यांनी मानलं नाही.

आणखी एक दाखला खाडीपलीकडचा. साळावचा पूल ओलांडला की पुढे कोर्लई. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत आजही 'नौ लिंग' बोलतात, पोर्तुगीज आणि मराठीच्या मिलाफातून झालेली भाषा. बोलणारे हजाराच्या आसपास. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली. मुलं शाळेत मराठी शिकतात. ही भाषा त्यांना घराने दिली, चुलीशेजारी, जाळं सांधताना, आजीच्या पाठीमागे फिरताना. काम करणाऱ्या माणसाजवळ बसलेल्या मुलाच्या कानावर काय काय जातं, याचं एवढं मोठं प्रमाण दुसरं कुठे शोधायचं? आता तिथेही तरुण घरांत मराठीच जास्त ऐकू येते, असं अभ्यासक सांगतात.

इथे कुणी म्हणेल की हे जुन्या दिवसांचे गोडवे गाणं आहे. सासूबाईंनाच मी हे बोलून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुला काय ठाऊक? आम्हाला तुमच्यासारखं मुलांकडे बघायलाही फुरसत नव्हती. माझ्या थोरल्या नणंदेची सगळी सुट्टी धाकट्यांना कडेवर घेण्यात गेली. ती कधी सातखणीपर्यंत खेळायला गेली नाही." सातखणी म्हणजे आमच्या किल्ल्यातला उंच मनोरा, घरापासून दहा मिनिटांवर. त्या मुलीने तो लग्नानंतर पाहिला. हे ऐकल्यावर माझं म्हणणं मी तपासून घेतलं. मुलाला कामाजवळ जागा असणं वेगळं आणि मुलाच्या अंगावर काम असणं वेगळं, आणि मधली रेघ सहज पुसली जाते. मुलींच्या बाबतीत तर फारच सहज. बालकामगार कायद्यात २०१६मध्ये जी दुरुस्ती झाली तिने धोकादायक नसलेल्या घरच्या व्यवसायात शाळेनंतर आणि सुट्टीत मुलाने हातभार लावायला मुभा ठेवली आहे. त्या मुभेची मला भीती वाटते. आमच्यासारख्याच घरांत सुट्टीत पाहुण्यांना ताटं वाढणारी, बादल्या उचलणारी दहा-बारा वर्षांची मुलं मी पाहिली आहेत. ती हातभार लावत नाहीत, नोकरी करतात. मी माझ्यापुरती एक खूण ठरवली आहे : मूल मधेच उठून गेलं तर काम अडता कामा नये. ज्या कामातून मुलाला कधीही उठून जाता येतं तेच त्याचं काम. कातणं टाकून मूल पळालं तर करंजी हाताने मुरडता येते. पाहुण्यांचा चहा टाकून पळालं तर बोलणी बसतात.

पैशांचंही सांगायला हवं, नाहीतर हे सगळं तोंडचं बोलणं ठरेल. दिवाळीचे चार दिवस म्हणजे आमच्या वर्षभराच्या कमाईतला चांगला वाटा. खोल्या बंद ठेवा असा सल्ला मी कुणाला देणार नाही; ज्या घरात कर्जाचा हप्ता थकलेला आहे त्या घरातल्या बाईला तो देणं क्रूरपणाचं होईल. आमच्या घरात यावर तीन संध्याकाळ बोलणं झालं. नवऱ्याने हिशेब मांडला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी वाडीतून चिकण माती आणून पडवीच्या कोपऱ्यात टाकली.

ती माती मुलांच्या किल्ल्यासाठी. गेली काही वर्षं पडवी पाहुण्यांची असल्याने किल्ला मागे, विहिरीच्या वाटेवर, कसाबसा व्हायचा आणि कुणाच्या तरी पायाखाली जायचा. यंदा थोरल्याने सातखणी बुरूज करायला घेतला आहे. खऱ्या मनोऱ्याचे चारच खण उरलेत. त्याला मात्र सातच्या सात हवे आहेत. तटावर हळीव पेरून झाले आहेत. धाकटी तटाला दरवाजे किती हे रोज नव्याने मोजते.

तुम्ही या सुट्टीत आमच्या किनाऱ्यावर येणार असाल तर जरूर या. आलात की तुमच्या मुलाला मागच्या दाराकडे सोडा. तिथे कुणीतरी नारळ सोलत, मासळी वाळवत किंवा हीर काढत बसलेलं असेल. आणि न्याहारीला अर्धा तास उशीर झाला तर त्या घरातही एक मूल आहे, हे लक्षात घ्या. आमची पडवी यंदा नरकचतुर्दशीपासून भाऊबीजेपर्यंत बंद आहे. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उघडेल.