चैनीची डागडुजी

मला पोहता येत नाही. लहानपणी मामाच्या विहिरीत पाठीला डबा बांधून मला ढकलण्यात आले होते. तेव्हा पोहला तो डबा. मी नुसता त्याच्याबरोबर होतो. त्यामुळे पोहण्याच्या तलावावर मी लिहावे, हे शाकाहारी माणसाने पापलेटच्या भावावर बोलण्यासारखे आहे. पण २०२३ च्या उन्हाळ्यात इंग्लंडला लेकीकडे गेलो असताना एका तलावाने माझी झोप घालवली, म्हणून लिहितो.

जावयाने टूम काढली, "बाबा, तुम्हाला पेन्झन्स दाखवतो." पेन्झन्स हे कॉर्नवॉलमधले, रेल्वेचे रूळ जिथे संपतात ते गाव. ब्रिस्टलहून गाडीत बसलो. एक्झिटर सोडल्यावर गाडी समुद्राच्या इतकी कडेने धावू लागली, की हिने खिडकीची जागा घाईघाईने मला देऊन टाकली. (संसारात असे त्याग अचानक होतात.) डॉलिश नावाचे स्टेशन आले, तेव्हा जावई म्हणाला, "२०१४ च्या फेब्रुवारीत वादळानं इथली भिंत फोडली. खालची माती वाहून गेली आणि रूळ नुसते हवेत लोंबकळत राहिले. पण शेकडो माणसं कामाला लावून ४ एप्रिलला गाड्या सुरू केल्या."

दोन महिने! आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक खड्डा आहे, त्याचा नुकताच वाढदिवस झाला.

पेन्झन्सचा ज्युबिली पूल समुद्राला अगदी खेटून आहे. पाचव्या जॉर्ज राजाच्या रौप्यमहोत्सवी वर्षी, म्हणजे १९३५ साली, कॅप्टन फ्रँक लेथम या गावच्याच इंजिनिअरने तो बांधला. खाऱ्या पाण्याचा, उघडा, आणि चक्क त्रिकोणी. त्रिकोणाचे टोक समुद्राकडे. लाट आली की टोकावर फुटावी आणि दोन्ही अंगांनी निघून जावी, अशी युक्ती. जवळजवळ ऐंशी वर्षे ती चालली. १४ फेब्रुवारी २०१४ च्या रात्री मात्र समुद्राने युक्तिवाद ऐकून घेतला नाही. भिंती फुटल्या, फरशी उखडली, पायापर्यंत सगळे खिळखिळे झाले. दुरुस्तीला सुमारे ३० लाख पौंड लागले आणि तलाव पुन्हा उघडला तो मे २०१६ मध्ये.

म्हणजे समुद्र तोच, महिनाही तोच. रेल्वे दोन महिन्यांत उभी राहिली आणि तलावाला सव्वादोन वर्षे लागली. यात अन्याय काही नाही. मी असतो तर मीही रेल्वेच आधी केली असती. खरे सांगायचे तर तलाव केलाच नसता. मी तसे बोलूनही दाखवले.

"अहो, पोहायला अख्खा समुद्र शेजारी पसरलाय! ३० लाख पौंड खर्चून त्यातलाच एक तुकडा भिंत घालून वेगळा काढायचा? आणि ज्यांना पोहता येत नाही त्यांनी यासाठी कर का भरायचा? शिवाय समुद्र पुन्हा तोडणारच की."

"बाबा, त्या खडकांत आणि लाटांत लहान मुलं, म्हातारी माणसं कशी उतरणार?" जावई म्हणाला. "आणि पैसे काही नुसते सरकारनं दिले नाहीत, गावानंही जमवले. पुढे तर लोकांनी या तलावाचे भाग विकत घेतले."

ही इतका वेळ गप्प होती. पाण्यात सत्तरीच्या चार बायका निळ्या पडेपर्यंत पोहत होत्या, त्यांच्याकडे पाहत म्हणाली, "पुन्हा मोडणार म्हणून करायचं नाही होय? चाळीस वर्षं मी भांडी घासतेय. रात्री ती पुन्हा खरकटी होणार हे मलाही ठाऊक असतं."

यावर मी गप्प बसलो. पण त्याचे कारण भांडी नव्हती.

आमच्या सोसायटीचा मी सात वर्षे खजिनदार होतो. २००९ साली वळवाच्या वादळात आवारातला गुलमोहर पडला. पडताना त्याने कंपाउंडची भिंतही पाडली आणि मुलांचा झोपाळाही मोडला. मी वहीत दोन रकाने आखले : 'आवश्यक' आणि 'ऐच्छिक'. भिंत दीड महिन्यात उभी राहिली. झोपाळ्याला सहा हजार रुपये खर्च होता; तो दुसऱ्या रकान्यात गेला.

तळमजल्यावर सहा वर्षांची एक मुलगी होती. मेंटेनन्स गोळा करायला गेलो की दार तीच उघडायची आणि विचारायची, "काका, झोपाळा कधी?" मी म्हणायचो, भिंत झाली की. मग, रंग झाला की. मग, टाकीची गळती काढली की. यातले एकही कारण खोटे नव्हते, हे मला आजही शपथेवर सांगता येईल. आवश्यक कामांची खोडच अशी, की एक संपेपर्यंत दुसरे रांगेत येऊन उभे असते. ऑडिटरने माझ्या वह्यांना दोनदा शाबासकी दिली होती.

एका महिन्यात तिने विचारले नाही. मला बरे वाटले. वाटले, पोरीला समज आली. ती अकरा वर्षांची झाली होती.

पेन्झन्सच्या पोरांचेही २०१४ आणि २०१५ असे दोन उन्हाळे बुडालेच. पण दोनच. त्या बाकावर बसून मी माझ्या वहीतले उन्हाळे मोजले. आमची मुलगी आता इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात आहे. रस्त्यात भेटली की अजून 'काका' म्हणून हाक मारते. मीच जरा चालण्याचा वेग वाढवतो.

वादळानंतरच्या दुरुस्तीवर त्या गावाचे समाधान झाले नसावे. त्यांनी जमिनीत चारशे मीटरहून खोल विहीर खणली आणि आतल्या उष्णतेवर तलावाचा एक भाग तापवायची सोय केली. तो २०२० च्या सप्टेंबरात सुरू झाला. पाणी साधारण ३५ अंश, म्हणजे आपल्याकडच्या आंघोळीला जरा कोमटच. जावयाची चड्डी नेसून मी त्यात छातीपर्यंत उतरलो. काठ सोडला नाही. ही वरून फोटो काढत होती. तो फोटो नातेवाइकांत फिरला आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही.

परत आल्यावर सोसायटीच्या वार्षिक सभेत मी उभा राहिलो. आवारात आता नवी पोरे आहेत, आणि झोपाळ्याचे दोन खांब अजून तिथेच आहेत. नवा खजिनदार हुशार, नम्र मुलगा आहे. वही त्याला मीच आखून दिली होती. मी विचारले, "झोपाळा कधी?"

त्याने रकाना पाहिला आणि म्हणाला, "लिफ्ट झाली की, काका."