भ्यालेल्यास शिक्षा करावी काय?

खेड्यात ज्याच्या दारी कुत्रे नाही असे घर विरळा. आणि कुत्र्यावर ज्याने कधी काठी उचलली नाही असा धनी त्याहूनही विरळा. भुंकले की हाड म्हणावे, गुरगुरले की पाठीत घालावी, हा आपणां सर्वांचा परिपाठ आहे, आणि त्यात काही विचार करण्याजोगे असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आमच्याही आले नव्हते. परंतु आमच्या सोलापूरच्या घरी असलेल्या एका कुत्रीने आम्हांस तो विचार करावयास लावले. तो करीत असता आमच्या स्वतःच्या वर्तनाविषयी जे दिसून आले, ते वाचकांपुढे ठेवणे आम्हांस कर्तव्य वाटते. प्रश्न असा: जो प्राणी भयापोटी अपराध करतो त्यास शिक्षा करणे न्याय्य आहे काय? आणि न्याय्य नसल्यास निदान उपयोगाचे तरी आहे काय?

प्रथम हकीकत सांगतो. नान्नजच्या बाजूस, जेथे माळढोक पक्ष्यांचे अभयारण्य आहे, त्या माळरानांवर अजून लांडगे फिरतात. मेंढरे राखणाऱ्या धनगर बांधवांचे तेथे कुत्र्यावाचून चालत नाही. त्याच भागातील एका मेंढपाळाकडून पाच महिन्यांची एक तांबूस कुत्री आम्ही घरी आणली. तिचे नाव तांबी. माळावर परके माणूस दिसले की ती भुंके आणि तिचा धनी तिला शाबासकी देई. तेथे तो तिचा गुण होता. आमची गल्ली यंत्रमागांची. दिवसभर मागांचा खडखडाट, रिक्षांचे भोंगे, भाजीवाल्यांच्या आरोळ्या, आणि आमच्या दारी खेड्यापाड्यांतून कामानिमित्त येणाऱ्या माणसांची रीघ. तांबी पहिला महिना खाटेखालीच राहिली. शेपूट पोटाशी, कान मागे. ताटलीत दूध ठेवले तरी माणूस खोलीत असेतो ती तोंड लावीत नसे. पुढे ती बाहेर येऊ लागली, पण निराळीच होऊन. कडी वाजली की ती अंगावर धावून जाई. हाती काठी असलेला म्हातारा, डोक्यावर बोचके घेतलेली बाई, शिरस्त्राण घातलेला मोटारसायकलस्वार, ह्यांच्यावर तिचा विशेष रोख असे. लोक म्हणत, "कुत्री मोठी तिखट आहे!" खरे सांगावयाचे तर आरंभी ते ऐकून आम्हांस बरेच वाटे.

मग पाहुण्यांसमोर लाज वाटू लागली, आणि आम्ही सर्वजण करतात तेच केले. ती गुरगुरली की छडीचा एक तडाखा. आठदहा दिवसांत गुरगुरणे थांबले. ती सुधारली असे आम्ही समजलो, आणि चार लोकांस तसे सांगितलेही.

ह्यानंतर महिनाभराने शेजारचा सात वर्षांचा मुलगा डबा परत देण्यास आला. तांबी उंबऱ्याशी निमूट बसली होती. त्याने प्रेमाने तिच्या डोक्याकडे हात नेला. ती भुंकली नाही, गुरगुरली नाही. एकदम त्या कोवळ्या हाताचा तिने चावा घेतला. आम्ही तत्क्षणी जखम वाहत्या पाण्याखाली धरून साबणाने पंधरा मिनिटे धुतली आणि मुलास रुग्णालयात नेले. तांबीस रेबीजची लस टोचलेली होती. तथापि डॉक्टरांनी सांगितलेल्या सर्व दिवशी मुलासही लस देण्यात आली. येथे वाचकांस आवर्जून सांगतो की, कुत्रे चावल्यास जखमेत चुना, हळद किंवा मिरची भरू नये, मंत्र घालणाऱ्याकडे जाऊ नये. साबण, वाहते पाणी आणि लस ह्यांत एका दिवसाचाही विलंब करू नये. हा रोग एकदा दिसू लागला म्हणजे त्यावर औषध चालत नाही.

त्या मुलाच्या आईने आम्हांस शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते. ती इतकेच म्हणाली, "कधी गुरगुरतसुद्धा नव्हती हो ती. म्हणून तर पोराला एकटं पाठवलं."

हे वाक्य आम्हांस छडीसारखे लागले. कारण गुरगुरणे बंद कोणी केले होते? आम्हीच. गुरगुरणे ही कुत्र्याची शिवी नव्हे. ती त्याची विनंती होय. "मला भय वाटते, जवळ येऊ नका," हे सांगण्यास त्याजवळ दुसरी भाषा नाही. आम्ही ती विनंती दंडनीय ठरविली. भय होते तेथेच राहिले. त्याची सूचना देणारी घंटा मात्र आम्ही काढून टाकली, आणि त्या शांततेस सुधारणा हे नाव दिले.

गल्लीतील काहींनी सल्ला दिला की, तिला अक्कलकोट रस्त्याने दूर नेऊन सोडून द्यावी. पाळलेले जनावर असे टाकून देणे हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. परंतु कायदा बाजूस ठेवला तरी, शहरातील आपला अपराध गोणपाटात घालून कोणा खेडेगावच्या वेशीवर, तेथील लेकरांच्या वाटेत ठेवून यावयाचा, ह्यास काय म्हणावे? आम्ही तिला ठेवून घेतले. तेव्हापासून आमचे शिक्षण सुरू झाले, तिचे त्यामागून.

महाभारताच्या आदिपर्वात एक कथा आहे. जनमेजय राजाचा यज्ञ चालला असता देवांची कुत्री सरमा हिचे पिल्लू तेथे आले. त्याने हविर्द्रव्याकडे पाहिले नाही, त्यास जीभ लावली नाही. तरी राजाच्या भावांनी त्यास झोडपले. सरमेने येऊन विचारले की, ह्याचा अपराध कोणता? कोणी उत्तर दिले नाही. तेव्हा तिने शाप दिला की, तुम्हांवर न दिसणारे भय कोसळेल. ही कथा आम्ही पूर्वीही वाचली होती. पण ह्या प्रसंगानंतर त्या शापाचा अर्थ आम्हांस निराळा दिसला. निरपराध्यास मारणाऱ्याच्या घरात भयच वस्तीस येते. आणि आमच्या छडीमागे तरी काय होते? लोक काय म्हणतील, हे भयच ना? योहानानेही आपल्या पहिल्या पत्रात भीतीचा संबंध शिक्षेशी जोडला आहे, हे वाचकांस ठाऊक आहेच.

कोणी म्हणेल, तांबीस येथे कोणी मारले नव्हते तेव्हाही ती भीत होतीच. मग ते भय आले कोठून? ह्याचे उत्तर विद्वानांनी शोधून ठेविले आहे. अमेरिकेतील बार हार्बर येथे स्कॉट व फुलर ह्या दोघांनी अनेक वर्षे कुत्र्यांच्या पिलांचा अभ्यास करून १९६५ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पिलू सुमारे तीन आठवड्यांचे झाल्यापासून बारा आठवड्यांचे होईपर्यंत जे पाहते, ऐकते, हुंगते, ते त्यास आपले वाटते. त्या मुदतीनंतर प्रथमच भेटलेली वस्तू त्यास सहज परकी व भयंकर वाटते. तांबीच्या त्या मुदतीत मेंढरे होती, गवत होते, आकाश होते. यंत्रमाग आणि रिक्षा नव्हत्या. ती मूर्ख नव्हती की दुष्टही नव्हती. आम्ही तिला तिच्या जगातून उचलून आमच्या जगात आणले होते.

रशियातील पाव्हलॉव्ह ह्या शास्त्रज्ञाच्या कुत्र्यांची गोष्टही बोधप्रद आहे. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राड शहरी मोठा पूर आला. कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी शिरले आणि रखवालदारांनी त्यांस मोठ्या कष्टाने पोहवीत बाहेर काढले. जीव वाचले, पण पुढे काहींचा शिकविलेला धडा पार पुसून गेला होता. त्यांतील एका कुत्र्याची पुन्हा घडी बसविल्यावर पाव्हलॉव्हने दाराखालून नुसती पाण्याची धार खोलीत येऊ दिली. तेवढ्याने ते पुन्हा बिघडले. ज्याने पूर पाहिला नाही त्यास ती धार क्षुल्लक वाटेल. पण भ्यालेल्याचे भय आपल्या मापाने मोजावयाचे नसते.

मग करावे काय? त्याच १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स ह्या विदुषीने पीटर नावाच्या एका बालकाची हकीकत प्रसिद्ध केली. ते सशास अतिशय भीत असे. तिने मुलास रागे भरले नाही, ससा त्याच्या मांडीवरही टाकला नाही. मूल आवडीचे खाऊ लागले की पिंजऱ्यातील ससा दूर आणून ठेवावयाचा. आणि ते निर्धास्त खात आहे असे पाहून दिवसेंदिवस थोडाथोडा जवळ आणावयाचा. शेवटी पीटर सशास स्वतःची बोटे कुरतडू देऊ लागला.

आम्ही हीच रीत धरली. पहाटे रहदारी कमी असता तांबीस पट्टा बांधून बाहेर न्यावे. माणूस दिसले की इतक्या अंतरावर थांबावे की ती त्यास पाहील पण तोंडातील घास टाकणार नाही. आमच्या बाबतीत ते अंतर चाळीस पावले निघाले. माणूस दिसले की उकडलेल्या अंड्याचा तुकडा. दिसेनासे झाले की तुकडा बंद. घास घेतला तर अंतर बरोबर. नाकारला तर चूक तिची नव्हे, आमची, आणि आम्ही मागे सरावे. चाळिसाची पावले तीस होण्यास सहा आठवडे लागले. एकदा उतावीळ होऊन आम्ही तिला बाजाराच्या गर्दीत नेले, तेव्हा महिन्याची कमाई एका सकाळी बुडाली. घरी येणाऱ्यांस आम्ही सांगितले की, तिच्या डोळ्यांत पाहू नका, हात पुढे करू नका, कुशीवर वळून बसा. यावयाचे तर ती येईल.

येथे नामदेवांची कथा आठवते. कुत्र्याने भाकरी पळविली, तेव्हा कोरडी खाऊ नकोस म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्यामागे धावले असे सांगतात. त्या कथेतील भाव थोर आहे. पण तांबीपासून आम्ही जे शिकलो ते असे की, मागून धावणाऱ्याच्या हाती तूप आहे की दगड आहे, हे भिऊन पळणाऱ्यास दिसत नाही. म्हणून तूप असणाऱ्याने थांबावे, वाटी खाली ठेवावी आणि दोन पावले मागे सरावे. पुष्कळांची प्रीती येथेच फसते: देण्याची घाई असते, घेणाऱ्याची तयारी पाहिलेली नसते.

कोणी विचारतील, अशाने गुन्हेगारास मोकळे रान मिळणार नाही काय? चावा तो चावाच. मुलाचा हात तर फाटला! आक्षेप योग्य आहे, व त्याचे उत्तर देणे अवश्य आहे. शिक्षा आणि बंधन ह्या दोन निराळ्या वस्तू होत. शिक्षा भ्यालेल्यास दुखविते. बंधन दुसऱ्यास राखते. पहिल्याचा आम्ही त्याग केला, दुसऱ्याचा नाही. मळणीच्या बैलास आपण मुसके बांधतो. तसे जाळीचे मुसके तांबीस बाहेर नेताना घालतो. त्यातून तिला धापा टाकता येतात व पाणी पिता येते, आणि भाकरीचे तुकडे आत ठेवून ठेवून तिला त्याची सवय लावली, त्यामुळे ते दिसताच ती स्वतः तोंड पुढे करते. दारास आतून दुसरे फाटक बसविले. भ्यालेल्यावर दया करावयाची म्हणून तिची किंमत शेजाऱ्याच्या लेकराने द्यावी, हा न्याय नव्हे. दयेचा खर्च दया करणाऱ्यानेच सोसला पाहिजे.

दुसरे कोणी म्हणतात की, भ्यालेल्यास गोंजारले तर भय वाढते. आमचा अनुभव उलट आहे. भय हे मजुरीसाठी केलेले काम नव्हे, की मोबदला मिळाल्याने ते अधिक व्हावे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचे दारूकाम होते. पहिल्या वर्षी त्या रात्री तांबी मोरीत कोंडून घेऊन पहाटेपर्यंत थरथरत होती, आणि आम्ही तिला तशीच राहू दिली. पुढील वर्षी खिडक्या लावून, पंखा मोठ्याने चालवून, कोपऱ्यात जाड सोलापुरी चादर अंथरून आम्ही तिच्या शेजारी बसून राहिलो. ती थरथरली, पण आमच्या पायावर मान ठेवून थरथरली, आणि दारू संपताच झोपी गेली.

बंधुभगिनींनो, हा लेख केवळ कुत्र्यांविषयी आहे असे समजू नका. ज्या घरात मूल "मला भीती वाटते" म्हणताच चापट खाते, ते मूल लवकरच तसे म्हणेनासे होते, आणि आईबाप शेजाऱ्यांस सांगतात की आमचे पोर आता धीट झाले. ज्या घरी सून उलट बोलत नाही, ज्या शाळेत वर्ग चिडीचूप असतो, तेथे शांती आहे की नुसती घंटा काढून टाकली आहे, हे ज्याच्या हाती छडी आहे त्याने स्वतःस विचारावे. छडीने मिळविलेले मौन आज्ञापालनासारखे दिसते खरे. परंतु त्याच्या आत काय साठते आहे हे एके दिवशी अकस्मात कळते, आणि ते बहुधा कोणा निरपराध्याच्या हातावर कळते.

तांबी पूर्ण बरी झाली असे आम्ही सांगत नाही. ती आजही परक्यांस पाहून गुरगुरते. आणि ती गुरगुरते ह्याचे आम्हांस समाधान वाटते. ती गुरगुरली की आम्ही थांबतो व पाहुण्यांस थांबवितो.

राहता राहिला तो मुलगा. त्याच्या हातावर दोन पांढरे वण आहेत. तो आता आमच्या दारी येत नाही; रस्त्याच्या पलीकडून हाक मारतो. "अरे, ती आता काही करीत नाही, ये," असे म्हणण्याचा मोह आम्हांस पुष्कळदा झाला, पण आम्ही तो आवरला. त्याचेही भय खरे आहे, आणि त्यासही तोच न्याय लागू आहे. किती पावले दूर उभे राहावयाचे हे त्यानेच ठरवावयाचे. तोपर्यंत डबा आणावयास आम्हीच पलीकडे जातो.