पाहून आलो, भेटून आलो नाही

इस्लामपूरच्या आमच्या लहानशा समाजातील एक निवृत्त गुरुजी मध्यंतरी सपत्निक माझ्याकडे आले. हाती एका सहल कंपनीचे रंगीत पत्रक होते : रोम, असिसी, सिएना, फ्लॉरेन्स, पदुआ, व्हेनिस. दहा दिवसांत सहा नगरे! आयुष्यभराच्या काटकसरीतून दोघांनी पैसे साठविले होते. पत्रक टेबलावर ठेवीत गुरुजी संकोचाने म्हणाले, "फादर, पैशाची सोय आहे, पण गावात एवढी गरज दिसत असताना केवळ डोळ्यांच्या सुखासाठी इतका खर्च करावा का?"

मी लगेच उत्तर दिले नाही. प्रश्न अवघड होता म्हणून नव्हे, तर त्यातल्या एका रस्त्याने मी स्वतः गेलो होतो आणि त्या प्रवासाचे एक ऋण अद्याप माझ्या माथी आहे म्हणून.

प्रथम खर्चाविषयी. बेथानीच्या घरी मरियेने मौल्यवान सुगंधी तेल प्रभूच्या चरणी ओतले, तेव्हा 'हे तीनशे दीनारांना विकून गरिबांना का दिले नाही?' असा सवाल यहूदाने केला होता. गरिबांचे नाव पुढे करून दुसऱ्याच्या आनंदाला दोष देणे सोपे असते. गुरुजींनी तो प्रश्न स्वतःलाच विचारला, हे त्यांचे मोठेपण. सौंदर्य पाहण्याची ओढ परमेश्वरानेच मनुष्याच्या ठायी ठेवली आहे. तिच्यासाठी प्रामाणिक कष्टाचे पैसे वेचणे हे पाप नव्हे.

परंतु केवळ दूर गेल्याने मनुष्य मोठा होतो, असेही नाही. इटलीतील आरेत्सो या नगरात १३०४ साली जन्मलेला कवी पेत्रार्क १३३६ मध्ये फ्रान्समधील व्हाँतू पर्वतावर चढला. शिखरावर त्याने संत ऑगस्टीनचे आत्मनिवेदन उघडले, आणि डोंगर पाहून थक्क होणारा आपण स्वतःच्या अंतःकरणाकडे मात्र पाहत नाही, या विचाराने तो खजील झाला. उतरताना तो बराच वेळ अबोल होता म्हणतात. आपल्याकडचे वारकरीही हेच जाणतात : पाय पंढरीला पोहोचले म्हणून मन पोहोचलेच, असे नाही.

आता माझे ऋण सांगतो. २००० साली, पवित्र वर्षात, मी नवखा धर्मगुरू असताना एका यात्रेकरू गटाबरोबर रोमला गेलो. निघण्यापूर्वी वाळवा तालुक्यातील एका खेड्यातून एक वृद्ध आजी मला भेटायला आली. ती ख्रिस्ती नव्हती. तिचा थोरला भाऊ मराठा पलटणीत होता; १९४४ साली तो इटलीत पडला आणि त्याचा देह सापडला नाही. पदरातून तिने एक चिठ्ठी काढली. तीवर त्याचे नाव व पलटणीचा क्रमांक होता. "बाबा, तिकडं दगडावर त्याचं नाव कोरलंय म्हणत्यात. एवढं बघून या."

तो काळ आठवावा. वाळवा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता आणि क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार इथल्या गावागावांत इंग्रजांशी झुंजत होते. त्याच वेळी याच महाराष्ट्रातील तरुण इंग्रजांच्या सैन्यात इटलीच्या डोंगरांतून चालत होते. कुणी पोटासाठी गेले, कुणी घराण्याच्या रीतीने. असिसी आणि आरेत्सो ही नावे त्यांच्यासाठी सहलीच्या पत्रकातली नव्हती. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. वय अवघे बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचीही समाधी नाही. नाव तेवढे कासिनो येथील स्मारकावर आहे.

रोमहून नेपल्सला जाताना आमची बस त्याच कासिनोवरून गेली. डोंगरावर संत बेनेडिक्टचा मठ दिसला. १५ फेब्रुवारी १९४४ च्या बॉम्बवर्षावात तो उद्ध्वस्त झाला आणि पुढे पुन्हा उभारला गेला. त्याच्याच पायथ्याशी ते स्मारक. चिठ्ठी माझ्या खिशात होती. पण पाँपेईची वेळ चुकेल म्हणून मी बस थांबवा असे म्हणालो नाही.

परतल्यावर आजी आली. "बघितलं का? नाव नीट कोरलंय न्हवं?" मी म्हणालो, "होय, नीट कोरले आहे." तिने डोळे मिटून हात जोडले. त्या जोडलेल्या हातांपुढे मी, एक धर्मगुरू, खोटे बोलून उभा होतो. पापनिवेदनात मी ते सांगितले. पण तिला सांगण्याचा धीर होईपर्यंत ती देवाघरी गेली होती.

पुष्कळदा मी स्वतःला विचारले : माझा अपराध कोणता, ते असत्य की ती घाई? आता वाटते, असत्य हे घाईचेच अपत्य होते. मी त्या देशात गिऱ्हाईक होऊन गेलो होतो. गिऱ्हाईक पैसे मोजतो, पाहतो आणि निघतो. पाहुण्याला मात्र यजमानाचे देणे असते. व्हेनिसच्या मूळ नगरीत १९५१ साली पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे राहत होती. आज ती पन्नास हजारांहूनही कमी आहेत. २०२४ पासून ठराविक दिवशी केवळ दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून तेथे पाच युरो घेऊ लागले. ज्या गावाला सारेच पाहतात आणि कुणी भेटत नाही, त्याची अशी दशा होते.

याउलट उंब्रिया प्रांतातील मोन्तोने या छोट्या गावात जुलै २०२३ मध्ये यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघटिका उभी राहिली. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे शब्द तिच्यावर आहेत. पळसगावच्या मुलाशी त्या लोकांचे ना रक्ताचे नाते, ना भाषेचे. तरीही त्यांनी त्याला आपले मानले. मी मात्र याच मातीतला असून थांबलो नाही.

गुरुजींना मी सांगितले, "अवश्य जा. न जाणाऱ्याचे पुण्य कमी नाही. २०२५ च्या पवित्र वर्षात ख्रिस्तसभेने आजाऱ्याच्या व बंदिवानाच्या भेटीलाही यात्रेचेच मोल दिले. पण गेलात तर सहाऐवजी पाच नगरे पाहा, आणि वाचलेला दिवस कुणाला तरी भेटण्यासाठी ठेवा."

मग बायबलमधून ती पिवळी पडलेली चिठ्ठी काढून मी त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती वाचली, काही विचारले नाही, आणि चष्म्याच्या डबीत जपून ठेवली. माझे ऋण याने फिटणार नाही, हे मी जाणतो. परंतु ते नाव एकदा तरी आपल्या भाषेत, त्या दगडासमोर, कुणीतरी मोठ्याने वाचील.