परत आणलेल्या स्त्रीचे मौन

गेल्या वर्षी वटपौर्णिमेच्या सुमारास वर्गात ऑर्फियस आणि युरिडिसी ह्यांची कथा शिकवण्याचा प्रसंग आला. ही कथा मी पंचवीस-तीस वर्षे शिकवीत आलो आहे, आणि खरे सांगायचे तर ती शिकवताना माझा स्वर दरवर्षी ठरावीक ठिकाणी सद्गदित होत असे. ऑर्फियस हा ग्रीकांचा आद्य गायक. विवाहानंतर लवकरच त्याच्या पत्नीला सर्पदंश होतो. तो आपले तंतुवाद्य घेऊन पाताळात उतरतो. त्याच्या गायनाने मृत्युलोकाच्या राजाचेही हृदय द्रवते, आणि वर पोचेपर्यंत मागे वळून पाहायचे नाही एवढ्या अटीवर ती त्याला परत मिळते. उंबरठ्याशी आल्यावर तो वळून पाहतो आणि ती कायमची नाहीशी होते. प्रीतीच्या कथांत ह्याहून करुण कथा क्वचितच आढळेल.

आदल्याच दिवशी आईबरोबर वडाला सूत गुंडाळून आलेली एक विद्यार्थिनी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, सावित्री यमाशी काय काय बोलली ते सगळे आपल्याला माहीत आहे. युरिडिसी काय म्हणाली?" मी ओव्हिडचा आधार घेतला. त्याच्या मते ती काहीच तक्रार करीत नाही. कारण आपल्यावर फार प्रेम केले गेले, ह्याखेरीज तिला तक्रारीला दुसरी जागाच कोणती? हे उत्तर मला नेहमीच अतिशय सुंदर वाटत आले होते. मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "सर, हे ओव्हिडने ठरवले."

त्या दिवसापासून ह्या प्रश्नाने माझा पिच्छा सोडलेला नाही.

सावित्रीच्या कथेला आपल्याकडे जो प्रतिप्रश्न विचारला गेला, तो आता जवळजवळ दीडशे वर्षांचा झाला आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' ह्या छोट्या पण जळजळीत पुस्तकात पुरुषांना विचारले, की सावित्री नवऱ्याचे प्राण मागायला यमाच्या दारी गेली. तुमच्यापैकी कोणी बायकोसाठी त्या वाटेला तरी गेला काय? हे पुस्तक पुढे विस्मृतीत गेले आणि १९७५ साली स. गं. मालशे ह्यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले.

ताराबाईंच्या प्रश्नाला ग्रीकांकडे ऑर्फियस हे उत्तर आहे. आपल्याकडेही एक उत्तर आहे, परंतु ते आपण पार विसरून गेलो आहोत. महाभारताच्या आदिपर्वात रुरु नावाच्या ऋषिकुमाराची कथा येते. त्याची वाग्दत्त वधू प्रमद्वरा हिला विवाहापूर्वीच सर्पदंश होतो. रुरु रानात जाऊन आक्रोश करतो. देवदूत येऊन सांगतो, की तू आपले अर्धे आयुष्य दिलेस तर ती उठेल. रुरु एका क्षणाचाही विचार न करता ते देतो, धर्मराज संमती देतो, आणि प्रमद्वरा झोपेतून उठावी तशी उठते. त्या रुरूच्या नावाने एकही व्रत नाही. कोणीही पुरुष वर्षातून एक दिवस कोठल्याही झाडाला सूत गुंडाळीत नाही. असो.

माझे लक्ष वेधले ते निराळ्याच गोष्टीने. प्रमद्वरा उठते, दोघांचे वडील शुभमुहूर्तावर लग्न लावून देतात, आणि महाभारतकार रुरूने सर्पांवर उगवलेल्या सूडाकडे वळतात. ती एक शब्दही बोलत नाही. मग मी इतर कथा पाहू लागलो. युरिपिडीसच्या इसवी सनपूर्व ४३८ मधील नाटकात अल्सेस्टिस नवऱ्याच्या बदली स्वतः मरते. मरण्यापूर्वी ती पुष्कळ बोलते. पण हेराक्लीस मृत्यूशी झुंजून तिला परत आणतो तेव्हा ती बुरख्यात उभी राहते आणि नाटक संपेपर्यंत मूक असते. तीन दिवस तिने बोलायचे नाही, असे कारण दिले जाते. व्हर्जिलने युरिडिसीला काही ओळी दिल्या आहेत. परंतु त्या दुसऱ्यांदा मरतानाच्या. परत येण्याविषयी तिचे स्वतःचे मत त्यांतही नाही. उलट सत्यवान पाहा. तो जागा होताच बोलू लागतो: आपण फार वेळ झोपलो, मला उठवले का नाहीस, मला ओढून नेणारा तो काळासावळा पुरुष कोण होता? मृत्यूच्या दारातून परत आलेला पुरुष प्रश्न विचारतो. परत आणलेल्या स्त्रिया गप्प असतात.

हे मौन पाश्चात्त्य लेखिकांच्या ध्यानात आपल्या आधी आले. अमेरिकन कवयित्री एच. डी. हिने १९१७ साली युरिडिसीच्या तोंडून ऑर्फियसला त्याच्या उद्दामपणाबद्दल धारेवर धरले. कॅरल ॲन डफी हिच्या १९९९ च्या संग्रहात युरिडिसी त्या कवीला युक्तीने मागे वळायला लावते, म्हणजे आपली सुटका होईल. सारा रूल हिच्या २००३ च्या नाटकात पाताळात तिला तिचे मेलेले वडील भेटतात. ते तिच्यासाठी दोऱ्याची खोली बांधतात. आणि वर जाताना नवऱ्याला हाक मारते ती तीच, म्हणून तो वळतो. वर्गात डफीची कविता वाचली तेव्हा मोठा हशा पिकला. मीही हसलो. परंतु घरी आल्यावर वाटले, की आत्मप्रौढ कवीला फसवून सुटलेली बायको दाखवली की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. खरे म्हणजे तो टळलेला असतो. रूलच्या नाटकात मात्र ऑर्फियसचे प्रेम खरे आहे, वडिलांचेही खरे आहे, आणि म्हणूनच तिची हाक काळजात रुतते.

माझे एक ज्येष्ठ स्नेही ह्या साऱ्या उद्योगावर रागावतात. त्यांचे म्हणणे असे, की तीन हजार वर्षांपूर्वीच्या बायकांच्या तोंडी आजची व्याख्याने घालणे हाही एक अन्यायच; आधी पुरुष त्यांच्या वतीने बोलत होते, आता आपण बोलतो. ह्या आक्षेपात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. ज्या पुनर्कथनात नायिका केवळ सोसते आणि बाकी सारे केवळ छळतात, ते मला जुन्या पतिव्रता-आख्यानाचेच उलटे केलेले वस्त्र वाटते. परंतु सगळीच पुनर्कथने तशी नसतात, आणि त्याचा पुरावा शोधायला ग्रीसला जाण्याचे कारण नाही. इरावती कर्वे ह्यांनी १९६७ च्या 'युगान्त'मध्ये मरणोन्मुख द्रौपदी आणि तिच्यासाठी मागे फिरलेला भीम ह्यांचा जो प्रसंग रंगवला, तो आपल्या कल्पनेचा आहे हे त्यांनी लपवले नाही. आणि त्याच द्रौपदीने भर सभेत कायद्याचा काथ्याकूट करून चूक केली, असे बजावायलाही त्या कचरल्या नाहीत. मला स्वतःला हा निवाडा कठोर वाटतो. पण ज्या व्यक्तीची चूक आपण काढतो, तिला आपण निदान व्यक्ती मानलेले असते.

आमच्या कोल्हापुरात राहून लिहिणाऱ्या वि. स. खांडेकरांनी १९५९ साली 'ययाति'त कथा सांगायचे काम ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा ह्या तिघांवर वाटून दिले. कचाने नाकारलेली देवयानी दुखावलेली आहे; पण तीच देवयानी एका राजकन्येला दासी करते. वरच्या पायरीवरच्या स्त्रीचे दुःख ऐकताना खालच्या पायरीवरचीही ऐकू यावी, ही सोय त्या रचनेतच आहे. खांडेकरांनी देवयानीला न्याय दिला, माया मात्र शर्मिष्ठेलाच दिली, अशी माझी जुनी कुरबुर आहे. तिच्यात आता शिरत नाही.

ह्या विषयावर मी एवढा अडून का बसलो आहे, हे आता सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी माझी आई अत्यवस्थ झाली. वय ब्याऐंशी. आम्ही भावंडांनी रात्रीतून निर्णय घेतले, कागदांवर सह्या केल्या, सुट्ट्या काढल्या, पैसे उभे केले. आणि एकवीस दिवसांनी तिला घरी आणले. नातलग म्हणाले, यमाच्या दारातून ओढून आणलीत. मलाही तसेच वाटले, आणि त्याचा अभिमान वाटला. त्यानंतर ती दोन वर्षे जगली. बहुतेक काळ अंथरुणावर. एके दिवशी दुपारी मी तिला पेज भरवीत असताना ती अगदी शांतपणे म्हणाली, "तुम्ही फार केलंत रे माझ्यासाठी. मला कुणी विचारलं मात्र नाही." मी काहीतरी हसून बोललो आणि पेज भरवीत राहिलो. पुढे पुष्कळ संधी होत्या. मी विचारले नाही. माझे प्रेम खोटे होते असे मला आजही वाटत नाही. रुरूचेही खोटे नव्हते.

सत्र संपताना मी वर्गाला एक काम दिले: प्रमद्वरा उठल्यावर तिने उच्चारलेले पहिले वाक्य लिहा. बत्तीस कागद आले. काहींनी रुरूवर फैरी झाडल्या होत्या, काहींनी त्याच्या पायांवर डोके ठेवले होते. एका मुलाने कागद कोराच दिला; तो आळसाने दिला की विचाराने, हे मी त्याला विचारले नाही. आणि पहिल्या दिवशी उभी राहिलेल्या त्या मुलीने एवढेच लिहिले होते: "अर्धे म्हणजे किती रे? तुला किती उरले?"

ह्या कागदांना गुण द्यायचे राहून गेले आहेत.