एसटी थांबली, बाजार उठला

कोरोनाकाळातल्या प्रसारमाध्यमांचा विषय निघाला की चर्चा वृत्तवाहिन्या, व्हॉट्सॲप आणि मुख्यमंत्र्यांचं फेसबुक लाइव्ह यांच्याभोवतीच फिरते. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हरसूलमधून पाहिलं तर यादी बदलते. इथली खरी माध्यमं दोन : एसटी आणि आठवडे बाजार. नाशिकहून येणाऱ्या गाडीतून बातम्या येत आणि गिरणारे-दिंडोरीच्या द्राक्षबागांवर गेलेल्या पोरांचे निरोपही. बाजारात मीठ-मिरची, सुकी मासळी घेता घेता कोकणा, वारली, महादेव कोळी पाड्यांवरची माणसं लग्नं, मरणं, पाऊसपाणी, मजुरीचे दर सगळं एकमेकांच्या कानावर घालून मोकळी होत. आणि कुणी थाप मारलीच, तर पुढच्या बाजारी त्याला गाठून जाब विचारता येई. बातमी देणारा हाताशी सापडणं, ही या माध्यमांची मोठी ताकद होती.

मार्च २०२० मध्ये एसटी थांबली आणि बाजार उठला. दोन्ही बंद करणं आरोग्याच्या दृष्टीने योग्यच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण आपण गर्दीबरोबर संवादही बंद करतो आहोत, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. २४ मार्चला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी टाळेबंदी जाहीर केली, तेव्हा द्राक्षहंगाम ऐन भरात होता. बागेतल्या मजुराने ते भाषण कुठे ऐकायचं? त्याला कळलं ते ठेकेदाराकडून किंवा बागाईतदाराकडून. म्हणजे ज्याचे त्यात हितसंबंध होते त्याच्याकडून. त्याच सुमारास मुंबई-पुण्यातली वर्तमानपत्रं काही काळ छापायचीच बंद झाली. १८ एप्रिलला राज्य सरकारने घरोघरी पेपर टाकण्यावर बंदी घातली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शहरात त्यावर गदारोळ झाला. एसटी बंद पडल्यामुळे बातमीला मुकलेल्यांसाठी कोर्टाची पायरी कुणी चढलं नाही.

राहता राहिला मोबाइल. अनेक पाड्यांवर रेंज एखाद्या टेकाडावर नाहीतर ठरावीक झाडाखालीच मिळते. तिथवर चढून जावं, नंबर लावावा, तर सरकारी कॉलर ट्यूनचा आधी खोकला आणि मग हात धुण्याचा उपदेश ऐकावा लागे. पाणी डोक्यावरून आणणाऱ्या बाईला वरचेवर हात धुवायला सांगणारा तो आवाज कोणाचा, याचा तिला पत्ता नव्हता. उलट प्रश्न विचारायची सोय तर नव्हतीच. सरकार बोलत होतं, भरपूर बोलत होतं. त्याला ऐकू येत होतं की नाही, हा वेगळा प्रश्न.

अशा पोकळीत काय शिरतं, ते शेजारच्या पालघर जिल्ह्याने १६ एप्रिल २०२० च्या रात्री पाहिलं. रात्री चोर आणि मुलं पळवणारे फिरतात, ही अफवा पसरलेली होती. गावोगाव पहारे बसले होते. गडचिंचलेत जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाला पोलिसांसमोर ठार मारलं. काही दिवसांतच शहरी वाहिन्यांनी या घटनेला धर्माचा रंग चढवला. म्हणजे अफवेने झालेल्या हत्यांवर आणखी अफवांचं पीक आलं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा असाच बळी गेला होता. त्यातून काही शिकायला आपल्याकडे जवळजवळ दोन वर्षं होती.

नेटवर्क आलं की प्रश्न सुटेल, असं समजू नये. कॉकेशसमधल्या जॉर्जियाचं उदाहरण बोलकं आहे. साथीच्या सुरुवातीला तिथले साथरोगतज्ज्ञ रोज टीव्हीवर येऊन बोलत. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. मार्च २०२१ मध्ये लसीकरण सुरू झालं आणि काही दिवसांतच अखालत्सिखे या शहरात लस घेतलेली एक तरुण परिचारिका तीव्र ॲलर्जीने दगावली. लसीवरचा विश्वास डळमळला. टीव्हीवरचा डॉक्टर कितीही लाडका असला, तरी आपल्या शंकेला तो समोरासमोर उत्तर देऊ शकत नाही.

आपल्याकडे मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटासाठी लस खुली झाली ती ‘कोविन’ संकेतस्थळावर नोंदणीच्या अटीसह. शहरातल्या चलाख बोटांनी ग्रामीण, आदिवासी भागातल्या केंद्रांवरचे स्लॉट टिपले. मोटारीने येऊन लस टोचून घेणारे पाहुणे आणि लसीने माणूस मरतो या अफवेने घरात बसलेले यजमान, असा तो तमाशा! मग अहवालात लिहायचं, आदिवासींमध्ये लसीबाबत अज्ञान आहे.

या सगळ्यात एकच माध्यम चाललं, आणि त्याला कुणी माध्यम म्हटलं नाही. पडवीत टेकलेली आशाताई, म्हणजे पाड्यावरची आरोग्य स्वयंसेविका, हातात ऑक्सिमीटर, मांडीवर वही. म्हातारी बोट पुढे करत नाही, आधी विचारते, “तू घेतलीस का गं सुई? ताप आला का?” आशाताई सांगते, आला होता, दोन दिवस अंग मोडून आलं, मग उतरला. ताप आलाच नाही असं तिने सांगितलं असतं तर म्हातारीने ओळखलं असतं, कारण ताई त्याच पाड्याची. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर गाठ पडणारच होती.

पुढच्या साथीच्या वेळी कॉलर ट्यून लावण्याआधी या वह्यांमधले आणि पडव्यांवरचे प्रश्न तालुक्याला रोज पोहोचतील आणि त्यांची उत्तरं त्याच वाटेने परत येतील, एवढी व्यवस्था उभी करायला हवी. त्याला मनोरा लागत नाही, उपग्रह लागत नाही. ती करणाऱ्या बाईला नीट पगार द्यावा लागतो. राज्यातल्या सुमारे सत्तर हजार आशा जून २०२१ मध्ये संपावर गेल्या. २३ तारखेला संप मिटला, तेव्हा त्यांच्या पदरात महिन्याला दीड हजार रुपयांची वाढ पडली. त्यातले पाचशे कोविड भत्त्याचे होते.