देवाच्या नावाची झाडं

महाड-पोलादपूरकडचे डोंगर उन्हाळ्यात बोडके दिसतात, आणि मध्येच एक गर्द पुंजका. ती देवरहाटी, म्हणजे देवाच्या नावानं राखलेली देवराई. चपला बाहेर काढून आत शिरावं, तर पायाखाली पाचोळ्याची गादी, डोक्यावर गारंबीचे मनगटाहून जाड वेल. वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, हा पुष्कळ गावांचा दंडक. याच भागातल्या वाळणकोंडीच्या डोहातले मासेही देवाच्या धाकानंच जगले! वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात देवरायांचा अभ्यास केला. गावानं तोवर त्या पिढ्यान्‌पिढ्या राखल्या होत्या. आता देवळाच्या स्लॅबपायीच झाडं पडतात, हे मात्र खटकतं. तुम्ही गेलात, तर पायवाट सोडू नका, आणि खिशातून पानही आणू नका.